तुमच्या सहा वह्या, माझं अक्षर

साहेब,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी गरजच पडली नाही. तुमची खोली आणि आम्हा नर्सांची चाळ यांच्यामध्ये एक विहीर आणि दोन मोहाची झाडं, एवढंच अंतर होतं. काही सांगायचं असलं की मी चालत यायचे आणि दारातून हाक मारायचे. आता तुम्ही ज्या वयात गेलात, त्यापेक्षा मी पंधरा वर्षांनी मोठी आहे. भाचीच्या घरी राहते, चांद्याला. गावाचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण माझ्या तोंडी चांदाच येतं. अंगणात उन्हाला बसून लिहिते आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण तुम्हाला लागलं असतं.

तुम्ही आलात तेव्हा मला दवाखान्यात वर्षभर झालं होतं. लग्नानंतर दीड वर्षात नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं होतं, आणि गावाचं काही न ऐकता बापानं मला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला घातलं होतं. डाक्टरबाई म्हणजे तुमची धाकटी बहीण. एके दिवशी मलमपट्टी करता करता त्या म्हणाल्या, माझा भाऊ येणार आहे, तो विलायतेत एका कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवत होता. कॅथेड्रल काय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ऑर्गन मात्र माहीत होता, कारण वडशाकडे हिवाळ्यात नाटकं होतात, तिथे मंचासमोर जी पायपेटी असते तिला ऑर्गनच म्हणतात. झालं, कंपाउंडरभाऊंनी दुपारपर्यंत सगळ्या आवारात बातमी केली की बाईचा भाऊ नाटकवाला आहे. तुम्ही बैलबंडीतून उतरलात, उंच, खांद्यात वाकलेले, डोक्यावर भिजवलेला रुमाल, आणि भाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब, तुमची कंपनी कोनती?" तुम्हाला मराठी येत नव्हती. तुम्ही वाकून त्यांचा हात हातात घेतला. त्यामुळे बरेच दिवस लोकांना वाटत होतं की तुम्ही कंपनीचं नाव लपवता आहात.

बंडीतून एकच मोठं सामान उतरलं, लाकडी पेटी, चार माणसांनी धरलेली. त्यात तुम्ही आयुष्यभर लिहिलेलं संगीत होतं. हे मला पुढे कळलं. सत्तावीस वर्षं तुम्ही त्या एकाच कॅथेड्रलमध्ये वाजवलंत, मुलांचा आणि मोठ्यांचा गायकवर्ग शिकवलात, आणि रविवारच्या रविवारी, सणासाठी, प्रेतयात्रेसाठी, राजाच्या राज्यारोहणासाठी लिहीत गेलात. त्यातलं बरंचसं एकदा गायलं गेलं आणि कपाटात गेलं. काही एकदाही गायलं गेलं नाही. मग पत्नी वारली, बोटं थरथरायला लागली, आणि तिथल्या मोठ्या पाद्र्यांनी गोड बोलून तुमच्या जागी तरुण माणूस आणला. नव्या माणसाला कपाटं रिकामी हवी होती. तुम्ही आपले कागद पेटीत भरलेत आणि बहिणीकडे निघालात. हे सगळं तुम्ही मला एकदाच सांगितलंत, आणि शेवटी म्हणालात, "पोरगा चांगला वाजवते. खरंच चांगला वाजवते." तुमच्या आवाजात राग शोधायचा मी प्रयत्न केला. सापडला नाही.

मराठी तुम्ही वॉर्डातल्या रोग्यांकडून शिकलात, म्हणून ती आमच्या झाडीपट्टीची मराठी होती. मले, तुले, काऊन, नाई. चांद्याचे सिव्हिल सर्जन तपासणीला आले, तेव्हा तुम्ही त्यांना सरळ विचारलंत, "तू जेवून राह्यला का जेवला?" डाक्टरबाई लाल झाल्या. सर्जनसाहेब मात्र हसले आणि आमच्याबरोबर मोकळ्या व्हरांड्यात वरणभात जेवून गेले.

प्रार्थनेच्या खोलीत एक जुनी पायपेटी होती. भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्या पावसाळ्यात फुगून एकमेकींना चिकटलेल्या. तुम्ही ती व्हरांड्यात चादरीवर सुटी केलीत. ढोलक्या मढवणाऱ्याकडून पातळ कातडं आणलंत, सरस स्वतः शिजवलात, आणि पट्ट्या वाळवायला शेगडीजवळ ओळीनं उभ्या केल्यात. मी बँडेजच्या गुंडाळ्या करत पायरीवर बसलेली असते. लहानपणी नाटकाच्या मंडपात मी बायकांच्या बाजूनं तसल्या पेटीकडे बघत असायचे. बायकामुलींनी तिला हात लावायची रीत नव्हती. तुम्ही मान वर करता, मला पाहता, आणि स्टूल पायानं माझ्याकडे सरकवता. "पाय मार," तुम्ही म्हणता. मी पाय मारते. भात्यात हवा भरते आणि तो सबंध लाकडी डबा माझ्या पायाखाली श्वास घ्यायला लागतो. मी इतकी घाबरले की उठून पळाले. दुसऱ्या दिवशी परत आले.

आता तुमच्या कागदांच्या पेटीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येत नाही.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत हैजा, म्हणजे कॉलरा आला. बांधीच्या चिखलातून उचलून आणलेल्या बायका, बंडीवर आडव्या घातलेली माणसं. खाटा संपल्या, बाकं संपली, मग आम्ही दारं काढून विटांवर टाकली. तुमची पेटी सामानखोलीत एका मजबूत लाकडी माच्यावर ठेवलेली होती. एका दुपारी एक बाई आली, एटापल्लीकडच्या जंगलातली, सपाटीच्या गावांत रोवणीला म्हणून उतरून आलेली. तिच्या अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता. मी आणि कंपाउंडरभाऊंनी पेटी कशीबशी खाली मातीच्या जमिनीवर उतरवली आणि माचा वॉर्डात नेला. साथ दोन महिन्यांनी ओसरली. पेटी परत वर ठेवायची कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणाच्या म्हणजे माझ्या.

थंडी पडल्यावर तुम्ही नाताळसाठी काही काढायला म्हणून पेटी उघडलीत. मी तिथेच होते. झाकण उचललं आणि आत मातीच्या नळ्या होत्या, पेटीच्या तळापासून वरपर्यंत. कागदांचे गठ्ठे वरून चांगले दिसत होते. तुम्ही एक उचललात, तर हातात फक्त वरचं पान आलं, आणि खालचं सगळं भुरभुर सांडलं. विलायती लाकूड होतं ते. आलापल्लीचा सागवान असता तर वाळवी शिवली नसती. तुम्ही ते पान धरून उभे आहात. मी म्हणते, "साहेब, पेटी मी खाली ठेवली होती."

"काऊन?"

"माचा पायजे होता. खाट नव्हती."

"कोनासाठी?"

"एटापल्लीवाली बाई होती नं, तिच्यासाठी."

हातातल्या पानावरची माती तुम्ही अंगठ्यानं पुसलीत. मग विचारलंत, "वाचली?"

"वाचली. इथंच तं हाय. सयपाकघरात धान कांडते."

तुम्ही ते पान पेटीत ठेवलंत, झाकण लावलंत आणि बाहेर गेलात. नऊ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी मोजले होते. नऊ दिवस तुम्ही पायपेटीलाही हात लावला नाही. मी दुपारची सुटी झाली की सामानखोलीत बसून शाबूत तुकडे निवडायचे आणि जाड कागदावर खळीनं चिकटवायचे. दहाव्या दिवशी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. माझ्यासमोरचे ते तुकडे पाहिलेत. एखाद्यावर दोन सूर, एखाद्यावर अर्धा.

"मेलेल्याले औषध देऊन राह्यली तू," तुम्ही म्हणालात. "सोड ते. माह्या हातानं आता लिहिनं होत नाई. तुले लिहिता येते. सुराचं लिहिनं शिक."

मला रडायला आलं, पण तुम्ही तोवर खिशातून ती वस्तू काढून माझ्यापुढे धरली होती. पितळेचा टाक, एका दांड्याला पाच टोकं. शाईत बुडवून ओढला की पाच रेघा एकदम. तुम्हाला तो तुमच्या गुरूंनी दिला होता. मला वाटलं वापरायला देता आहात. तुम्ही म्हणालात, नाही, ठेव.

मला आधी वाटलं होतं की तुम्ही जुनं सगळं आठवून सांगाल आणि मी उतरवून घेईन, म्हणजे माझं पाप फिटेल. दोन दुपारी आपण तसा प्रयत्नही केला. तिसऱ्या दिवशी तुम्ही हसून मान हलवलीत. ते सगळं एका मोठ्या दगडी इमारतीसाठी होतं, म्हणालात, तिथे एक सूर सोडला की तो छतापर्यंत जाऊन परत यायचा. इथे छपरावर कवेलू आहेत, मातीची कौलं. इथलं वेगळं लिहावं लागेल. आणि मग तुम्ही विचारलंत, "इथी गाते कोन?"

इथे गाणारे म्हणजे आम्ही चार नर्सा, जाड आवाजाचे कंपाउंडरभाऊ, आणि धान कांडणारी एटापल्लीवाली. तिला मराठी जेमतेम यायची. मुसळाच्या ठोक्यावर ती तिच्या बोलीतलं काहीतरी गुणगुणायची, दोन-तीन सुरांत फिरणारं. तुम्ही वेताचं मोढं घेऊन सयपाकघराच्या दाराशी जाऊन बसायचात. पहिल्या दिवशी ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं तुमच्या हातात सूप दिलं. तुम्ही पाखडायला लागलात, कोंडा सगळा तुमच्याच अंगावर उडाला, ती हसली आणि गायला लागली.

त्या तीन वर्षांत तुम्ही सहा वह्या भरल्यात. म्हणजे मी भरल्या. शाळेच्या वह्या, वर पाच टोकांच्या टाकानं आखलेल्या. तुम्ही पायपेटीवर बसून एक एक आवाज वाजवायचात, नाहीतर नुसता तोंडानं म्हणायचात, आणि मी लिहायचे. एकदा तुम्ही दोन आवाजांना अगदी लागून असलेले सूर सांगितलेत. ऐकताना दात आंबल्यासारखं झालं. मला वाटलं तुमची चूक झाली, म्हणून मी गुपचूप एक सूर वर सरकवला. दुसऱ्या दिवशी आम्ही गात असताना तुम्ही हात वर करून थांबवलंत. "हे मी नाई सांगतलं."

"साहेब, ते कानाले टोचत होतं."

"तं टोचू दे!" तुमचा एवढा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाकीच्या नर्सा जमिनीकडे पाहायला लागल्या. "बाई जात्यावर बसते, दोन दगड घासते, तवा पीठ येते. तुले सगळं गोड पायजे." मग माझं तोंड पाहून तुम्ही आवाज खाली आणलात आणि म्हणालात, आता बरोबर लिही आणि मग ऐक, त्याच्या पुढचा सूर कसा लागतो ते ऐक. मी ऐकलं. टोचल्यानंतर जो सूर येतो तो थंड पाण्यासारखा असतो, हे मला तेव्हा कळलं. नंतर मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली, साहेब, आणि कित्येकदा मला ते आठवलं.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी नव्या वॉर्डाचं उद्घाटन झालं. नागपूरहून मिशनची मोठी माणसं येणार होती. तुम्ही त्या दिवसासाठी सहा आवाजांचं एक गाणं लिहिलंत. खालचा, म्हणजे सगळ्यांना आधार देणारा आवाज एटापल्लीवालीचा, तिच्याच बोलीत, तिच्याच दोन-तीन सुरांत. वर आम्ही मराठीतून रोग्यासाठी प्रार्थना म्हणत फिरत राहायचं. चार महिने आम्ही तयारी केली. तिला त्या दिवसासाठी नवं लुगडं आणलं होतं. आणि त्या दिवशी भाषणं लांबली. ऊन डोक्यावर आलं, पाहुण्यांना जेवणं वाढायची होती. कुणीतरी येऊन डाक्टरबाईंच्या कानात सांगितलं की सगळ्यांना येतं असं एखादं गीत म्हणा आणि संपवा. डाक्टरबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पायपेटीवरचे कागद मिटलेत आणि ते नेहमीचं गीत वाजवलंत, अगदी नीट, सगळी कडवी. एटापल्लीवाली नव्या लुगड्यात भिंतीशी उभी राहिली. तिला ते गीत येत नव्हतं.

मी इतकी संतापले होते की जेवले नाही. तुम्ही जेवलात. पाहुण्यांना भात वाढलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दाराशी येऊन म्हटलं, "साहेब, सयपाकघरात म्हनू." तुम्ही म्हणालात, पायपेटी तिथे कशी न्यायची? कंपाउंडरभाऊ आणि मी तुमच्या कागदांची पेटी उचलली होती एकदा, ही पण उचलली. रोग्यांचे नातेवाईक सयपाकघरासमोरच्या आवारात तीन दगडांच्या चुली मांडून रांधत होते. धूर होता, कुत्री होती, एक पोर सारखं रडत होतं. आम्ही गायलो. मला वाटतं बऱ्यापैकी गायलो. टोचायचं तिथे टोचलं. शेवटचा सूर एटापल्लीवालीनं एकटीनं धरला आणि तिला वाटलं तेव्हा सोडला, तुम्ही लिहिला होता त्यापेक्षा पुष्कळ उशिरा. मग चुलीपाशी उकिडवा बसलेला एक म्हातारा, मुलाचा मोडलेला पाय घेऊन आलेला, तोंडातली काडी काढून म्हणाला, "साहेब, पुन्यांदा म्हना नं."

तुम्ही पायपेटीवर तसेच बसून राहिलात. मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून मी वाकून सांगितलं, "पुन्यांदा म्हना म्हनते." तुम्ही म्हणालात, ऐकलं. आणि मग इंग्रजीत, माझ्याशी तुम्ही क्वचितच इंग्रजी बोलायचात, तुम्ही म्हणालात की सत्तावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नाही. आमच्याकडे गाणं झालं की लोक गुडघे टेकतात, मग उठतात आणि घरी जातात. आम्ही पुन्हा गायलो. मग तिसऱ्यांदाही. भात करपला.

ते गाणं परत झालं नाही. उन्हाळ्यात तुम्हाला ताप भरला आणि उतरलाच नाही. अकराव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मी तुमचं अंग पुसलं, ते माझं कामच होतं. एटापल्लीवाली मूठभर धान घेऊन आली आणि तुमच्या उशाशी ठेवून गेली. तिच्या माणसांत काय करतात ते मी विचारलं नाही, धान तसंच तुमच्याबरोबर गेलं. पुढच्या महिन्यात ती तिच्या गावी परतली. डाक्टरबाईंनीही दवाखाना सोडला आणि सहा वह्या बरोबर नेल्या. कॅथेड्रलला देईन म्हणाल्या. मी टाक तेवढा ठेवून घेतला.

मग साठ वर्षं काही नाही. मला वाटायचं, तिकडे गात असतील.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, तुमच्या त्याच कॅथेड्रलमध्ये आता ऑर्गन वाजवते. दवाखान्यात तिला सांगितलं की त्या काळातलं कुणी उरलंय तर ही म्हातारी. ती इथे या अंगणातच बसली. तुमच्या सगळ्या लिखाणाची यादी ती करते आहे. जुन्या गायकांच्या घरी, माळ्यांवर, काही काही सापडलंय, थोडंच. तिथल्या जुन्या नोंदीत असं आहे की इंग्लंड सोडल्यावर तुम्ही काही लिहिलं नाही. आणि सहा वह्या? त्या आहेत. डाक्टरबाईंनी खरंच दिल्या होत्या. पण अक्षर तुमचं नव्हतं. म्हणून कुणीतरी त्यांवर हिंदुस्थानी मुलीचा गिरवण्याचा सराव असं लिहून त्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून दिल्या. साठ वर्षं, साहेब. एकदा माझ्या विसरण्यानं वाळवीनं खाल्लं, आणि दुसऱ्यांदा माझ्या अक्षरानं.

तिनं वह्यांच्या छायाप्रती आणल्या होत्या. तिनं विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, त्यांची. तिनं पुन्हा विचारलं, तुमची खात्री आहे? मी तिला तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे ते सगळं सांगितलं, सयपाकघर, टोचणारे दोन सूर, पुन्यांदा म्हना. ती लिहून घेत होती आणि मध्येच तिनं लिहिणं थांबवलं आणि नुसती ऐकत राहिली. पुढच्या वर्षी ते सहा आवाजांचं तिथे गाणार आहेत. खालचा आवाज कोण म्हणणार, मी विचारलं. ती म्हणाली, शोधू. यादीत आता सहाही वह्यांसमोर तुमचं नाव आहे. हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले. हे टाकायला पत्ता नाही, ते मलाही माहीत आहे. भाचीनं विचारलं तर किराण्याची यादी आहे म्हणेन.

एक राहिलं. सहाव्या वहीची शेवटची दोन पानं तुमची नाहीत. तुम्हाला मातीत ठेवून आल्यावर, डाक्टरबाई सामान बांधत होत्या त्या आठवड्यात, पानं कोरी दिसली म्हणून माझी मीच लिहिली. चार आवाज, शब्द नाहीत. त्या मुलीनं भाचीच्या नातीच्या छोट्या बाजाच्या पेटीवर तीही वाजवून पाहिली, थांबली, आणि हळूच म्हणाली, इथे ते फार थकलेले वाटतात.

मी म्हटलं, हो, तेव्हा त्यांना ताप होता.